हरलेल्या स्पेनलाच अमेरिकेने २ कोटी डॉलर का दिले? १८९८चा पॅरिसचा तह

प्रश्न असा आलाय: १८९८च्या युद्धात अमेरिकेने स्पेनला सरळ सरळ हरवलं, तरी पॅरिसच्या तहात हरलेल्यालाच २ कोटी डॉलर दिले, हे कसं? दुसरं म्हणजे युद्ध पेटलं क्युबावरून, पण क्युबा घेतला नाही आणि पार आशियातलं फिलिपिन्स घेतलं, हे कसं? आणि तिसरं, त्याच तहात मिळालेलं कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको आज सव्वाशे वर्षांनंतरही अमेरिकेचं राज्य का नाही?

मला विचाराल तर हे तीन प्रश्न नाहीत, एकच आहे. युद्ध जिंकलं म्हणजे मुलूख आपोआप आपला झाला असं आपण धरून चालतो. तसं नसतं. युद्धाने ताबा मिळतो. हक्क मिळतो तो तहाने, आणि तहातल्या एकेका क्रियापदाने तो हक्क कमीजास्त होतो.

मी २६ वर्षं कॉलेजात आधुनिक जगाचा इतिहास शिकवला, पण तह वाचायला मी तिथे शिकलो नाही. नोकरी लागायच्या आधी साडेतीन वर्षं तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे दस्त लिहायला बसायचो. खरेदीखत वेगळं, हक्कसोडपत्र वेगळं, बक्षीसपत्र वेगळं, आणि कब्जा एकाचा अन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला की काय होतं हे तिथे रोज बघायला मिळायचं. पुढे पॅरिसचा तह पहिल्यांदा कलमवार वाचला तेव्हा जाणवलं की या एका तहात तीन निरनिराळ्या तऱ्हेचे दस्त एकत्र शिवलेत. वर्गात मी तसाच शिकवत आलो, इथेही तसंच सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. अमेरिकेने हे सगळं मुळात कशासाठी केलं, याचं उत्तर तुम्ही कोणाचे कागद वाचता त्यावर ठरतं. नौदलवाल्यांचे वाचलेत तर कोळसा भरायची ठाणी दिसतील, व्यापाऱ्यांचे वाचलेत तर चीनचा बाजार दिसेल, राजकारण्यांचे वाचलेत तर नोव्हेंबर १८९८च्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, निवडणुका दिसतील, आणि धर्मप्रसारकांचे वाचलेत तर अजून चौथंच काही. ही सगळी कारणं खरी आहेत, त्यातलं कुठलं वजनदार यावर इतिहासकार अजून भांडतात. पण ते कसं केलं हे कागदावर तारखेनिशी आहे, त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. म्हणून मी "कसं" धरून जातो.

घटनाक्रम पटकन सांगतो. क्युबात स्पेनविरुद्धचा लढा फेब्रुवारी १८९५ला पुन्हा पेटला. स्पेनच्या जनरल वेलर यांनी खेड्यातली माणसं उचलून छावण्यांत कोंबली, तिथे भुकेने आणि रोगराईने लाखाच्या वर लोक गेले, अमेरिकेत संताप झाला. १५ फेब्रुवारी १८९८ला हवानाच्या बंदरात मेन ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, २६० च्या आसपास खलाशी मेले. तेव्हाच्या चौकशीने सुरुंगावर बोट ठेवलं, १९७६ला अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने म्हटलं की स्फोट बहुधा जहाजाच्या आतूनच झाला. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झालं. १ मेला अमेरिकन नौदलाचे कमोडोर ड्युई यांनी फिलिपिन्सच्या मनिला शहराजवळच्या खाडीत स्पेनचं आरमार सकाळच्या काही तासांत संपवलं, जूनमध्ये पॅसिफिकमधलं ग्वाम बेट घेतलं, ३ जुलैला क्युबातल्या सांतियागोबाहेर स्पेनचं दुसरं आरमार बुडालं, २५ जुलैला अमेरिकन फौज पोर्तो रिकोत उतरली. ऑगस्ट उजाडेपर्यंत स्पेनकडे लढायला काही उरलं नव्हतं. (हवाई बेटं याच जुलैत अमेरिकेत आली पण ती या तहाने नाही, काँग्रेसच्या ठरावाने आली, हे वेगळं लक्षात ठेवा, परीक्षेत इथे हमखास घोळ होतो.)

आता खरा मुद्दा सुरू होतो, आणि तो पॅरिसच्या आधीच सुरू होतो. १२ ऑगस्ट १८९८ला वॉशिंग्टनमध्ये एक छोटा करार झाला, लढाई थांबवायचा, स्पेनतर्फे सही केली फ्रान्सचे राजदूत झ्यूल कॅम्बों यांनी. आपल्या भाषेत हे साठेखत म्हणा, पक्का दस्त पुढे पॅरिसला व्हायचा होता. त्यात तीन गोष्टी होत्या. क्युबावरचा हक्क स्पेन सोडेल. पोर्तो रिको आणि मारियाना बेटांपैकी एक बेट (ते ग्वाम ठरलं) स्पेन अमेरिकेला देईल, कारण अमेरिकेने रोख युद्धखर्च मागायच्या ऐवजी जमीन मागितली होती. आणि फिलिपिन्सचं काय? तिथे फक्त एवढंच लिहिलं की मनिला शहर, खाडी आणि बंदर तह होईपर्यंत अमेरिका ताब्यात ठेवेल, आणि फिलिपिन्सचा ताबा, विल्हेवाट आणि कारभार कसा करायचा ते तहात ठरेल. म्हणजे फिलिपिन्स दिलं असं कुठेच नाही. मोकळं ठेवलं.

आणि आता तारखा बघा. वॉशिंग्टनला १२ तारखेच्या दुपारी चारनंतर सही झाली तेव्हा मनिलात १३ तारखेची पहाट होती. त्याच सकाळी अमेरिकन फौजेने मनिलावर हल्ला केला आणि संध्याकाळपर्यंत शहर शरण आलं. लढाई थांबल्याचं तिकडे कोणालाच माहीत नव्हतं कारण मनिला ते हाँगकाँगची समुद्राखालची तार ड्युई यांनीच मेमध्ये कापली होती, बातमी पोचायला तीन दिवस लागले. म्हणजे मनिला पडलं ते लढाई थांबवायचा करार झाल्यावर, काही तासांनी का होईना. शिवाय ती लढाईसुद्धा आधी ठरवलेली होती! स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेस आणि अमेरिकन सेनानी यांच्यात बेल्जियमच्या वकिलातीमार्फत निरोप गेले होते, थोडा गोळीबार करायचा, मग पांढरं निशाण, कारण स्पेनला आपला मान राखून अमेरिकनांपुढे शरण जायचं होतं पण शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्यापुढे जायचं नव्हतं. अमेरिकनांनी फिलिपिनोंना तटाच्या आत येऊ दिलं नाही.

१ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये बोलणी सुरू झाली तेव्हा स्पेनचे प्रतिनिधी माँतेरो रिओस यांच्या हातात हाच मुद्दा होता. ते म्हणाले, तुम्ही मनिला जिंकलं ते करारानंतर, म्हणून जिंकल्याचा हक्क तुम्हाला लागू होत नाही, आणि मनिलाबाहेरचं फिलिपिन्स तर तुम्ही जिंकलेलंच नाही. हा मुद्दा कायद्याच्या अंगाने इतका पक्का होता की खुद्द अमेरिकन कमिशनमध्ये, म्हणजे बोलणी करायला पाठवलेल्या मंडळात, चलबिचल झाली. पाच जणांपैकी जॉर्ज ग्रे यांचा फिलिपिन्स घ्यायलाच विरोध होता, आणि काहीतरी पैसे देऊन मिटवा ही सूचनाही कमिशनच्या आतूनच वॉशिंग्टनला गेली.

तिकडे अध्यक्ष मॅकिन्ली यांचं मन दोन महिन्यांत सरकत गेलं. सप्टेंबरमध्ये कमिशनला दिलेल्या सूचनेत मागणी होती फक्त लुझोन बेटाची, ज्यावर मनिला आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तार गेली की सगळा द्वीपसमूह घ्या. मधल्या काळात ते मिडवेस्टमध्ये भाषणांचा दौरा करून आले होते, कुठल्या वाक्याला टाळ्या पडतात हे बघून. नौदलाच्या एका अधिकाऱ्याने पॅरिसला कमिशनपुढे येऊन सांगितलं की एकटं लुझोन राखणं अवघड जाईल, बाजूची बेटं दुसऱ्या सत्तेकडे गेली तर डोकेदुखी. मनिलाच्या खाडीत त्याच उन्हाळ्यात जर्मन युद्धनौका घिरट्या घालून गेल्या होत्याच, त्यामुळे दुसरी सत्ता म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. माझं वैयक्तिक मत विचाराल तर टाळ्यांपेक्षा ही जर्मनीची भीती जास्त वजनाची होती, कारण मागणी अर्ध्यावरून पूर्णावर का गेली याचा नीट उलगडा तिनेच होतो. पण हे माझं मत आहे.

नोव्हेंबरच्या २१ तारखेला अमेरिकेने शेवटचा प्रस्ताव टेबलावर ठेवला: सगळं फिलिपिन्स द्या, आम्ही २ कोटी डॉलर देतो, आणि पुढची १० वर्षं स्पॅनिश जहाजांना आणि मालाला तिथल्या बंदरांत अमेरिकन जहाजांच्याच अटी लागू राहतील. नाहीतर बोलणी संपली. स्पेनकडे आरमार नव्हतं, पैसा नव्हता, युरोपातलं कोणी मदतीला येणार नव्हतं. आठवड्याभरात होकार आला आणि १० डिसेंबर १८९८ला सह्या झाल्या.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ते २ कोटी डॉलर फिलिपिन्सची किंमत म्हणून कोणी मोजून काढलेले नव्हते. जिंकल्याच्या हक्कात १२ आणि १३ ऑगस्टच्या मध्ये जी फट राहिली होती ती बुजवायचे ते पैसे. वकिलांकडे असताना असे दस्त मी स्वतः लिहिलेत, कब्जा आधीच घेतलेला असतो, समोरचा हतबल असतो, तरी मोबदल्याचा आकडा घालतात कारण उद्या कोर्टात कोणी म्हणायला नको की हे बळजबरीने घेतलं. आणि अमेरिकेला याची सवय होती, १८४८ला मेक्सिकोला हरवून कॅलिफोर्निया वगैरे घेतलं तेव्हाही ग्वादालुपे इदाल्गोच्या तहात हरलेल्या मेक्सिकोला दीड कोटी डॉलर दिले होते.

आता क्युबा. इथे लोक एकच कारण सांगतात, टेलर दुरुस्ती. युद्धाला मंजुरी देतानाच काँग्रेसने लिहून दिलं होतं की क्युबावर सत्ता गाजवायचा आमचा इरादा नाही, शांतता झाली की बेट तिथल्या लोकांच्या हवाली करू. बरोबर आहे. पण पॅरिसच्या टेबलावर आणखी एक गोष्ट होती जी माझ्या मते तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे कर्ज. क्युबाच्या नावावर स्पेनने काढलेलं कर्ज सुमारे ४० कोटी डॉलरचं होतं, आणि त्यातला मोठा भाग क्युबन बंडं मोडायलाच वापरलेला. स्पेनचा आग्रह होता की क्युबाचं सार्वभौमत्व अमेरिकेने रीतसर स्वतःकडे घ्यावं, मग पुढे क्युबनांना द्यायचं तर द्यावं. का? कारण मालकी घेतली की बोजाही घ्यावा लागतो. बोजा असलेली जमीन विकत घेणाऱ्या कोणालाही हे कळेल. अमेरिकन प्रतिनिधींनी ते ओळखलं आणि बरेच आठवडे याच एका शब्दावर अडून बसले.

म्हणून तहाचं पहिलं कलम आणि दुसरं कलम शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात स्पेन क्युबावरचा हक्क "सोडतो". दुसऱ्यात पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला "देतो". तिसऱ्यात फिलिपिन्स "देतो", पैशांच्या बदल्यात. पहिलं हक्कसोडपत्र आहे, आणि विचित्र म्हणजे कोणाच्या लाभात सोडला ते लिहिलेलंच नाही, फक्त एवढंच की स्पेन निघून गेल्यावर अमेरिका बेटावर ताबा ठेवणार आहे आणि तो असेपर्यंत जबाबदाऱ्या पाळेल. दुसरं भरपाईपोटी दिलेली जमीन. तिसरं खरेदीखत. उत्तरपत्रिकेत मुलं सर्रास लिहायची, अमेरिकेला तहात क्युबा, पोर्तो रिको, ग्वाम व फिलिपिन्स मिळाले. मी दरवेळी क्युबावर लाल खूण करायचो.

अर्थात क्युबा मोकळा सुटला असंही नाही. १९०२ला अमेरिकन फौज गेली पण जायच्या आधी प्लॅट दुरुस्ती क्युबाच्या घटनेत घालून घेतली, म्हणजे गरज वाटली तर परत हस्तक्षेप करायचा अधिकार. १९०३ला ग्वांतानामोची जागा भाड्याने घेतली. १९३४ला प्लॅट रद्द झाली पण ग्वांतानामोचा भाडेकरार दोघांनी मिळून संपवल्याशिवाय किंवा अमेरिकेने जागा सोडल्याशिवाय संपणार नाही असं लिहिलं गेलं, म्हणून ती जागा आजही तशीच.

इथपर्यंत थोडक्यात एवढं धरा: क्युबा सोडला, पोर्तो रिको आणि ग्वाम भरपाईत, फिलिपिन्स पैशाने. आता त्या खरेदीखतातल्या दोन मोठ्या दोषांकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने हा तह शिकायचा तो यांच्यासाठी.

पहिला दोष, विकणाऱ्याकडे मालच नव्हता. फिलिपिन्समध्ये स्पेनविरुद्ध क्रांती १८९६पासून चालू होती. एमिलियो आगिनाल्दो हाँगकाँगहून मे १८९८ला अमेरिकन जहाजानेच परत आले आणि १२ जूनला कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये मालोलोसला त्यांची काँग्रेस भरली, जानेवारी १८९९ला घटना आणि प्रजासत्ताकही आलं. पॅरिसला सह्या होत होत्या तेव्हा लुझोनचा बहुतेक भाग या लोकांच्या हातात होता, स्पेनकडे उरली होती थोडी बंदरं आणि तुटक ठाणी. बालेर गावच्या चर्चमध्ये तर एक स्पॅनिश तुकडी वेढ्यात अडकून ३३७ दिवस लढत राहिली, त्यांना युद्ध संपल्याचं पटेचना, जून १८९९ला बाहेर आली. दक्षिणेकडच्या सुलूमध्ये आणि मिंदानाओच्या आतल्या भागात तर स्पेनचा अंमल तीनशे वर्षांत कधी नीट बसलाच नव्हता, तो भागही तहात देऊन टाकला.

आणि ज्यांच्या घराचा हा व्यवहार चालला होता ते दाराबाहेर उभे होते, अक्षरशः. आगिनाल्दोंनी फेलिपे आगोन्सियो या वकिलाला पाठवलं. ते वॉशिंग्टनला मॅकिन्लींना भेटले, मग पॅरिसला गेले, तिथे त्यांना आत घेतलंच नाही. सह्या झाल्यावर त्यांनी निषेधाचा लेखी कागद दिला, की स्पेनला जे नाहीच ते त्याने कसं दिलं. वर्गात हा भाग शिकवताना मला दरवर्षी थांबावं लागायचं. एक माणूस अर्धं जग ओलांडून, नीट मुद्दे लिहून आणतो, मुद्दा कायद्याने बरोबर असतो, आणि त्याच्यासाठी खुर्चीच नसते. क्युबनांसाठीसुद्धा नव्हती, ज्यांच्या नावाने युद्ध झालं.

४ फेब्रुवारी १८९९च्या रात्री मनिलाबाहेर गोळीबार झाला आणि फिलिपिनो-अमेरिकन युद्ध सुरू झालं. ते अधिकृतपणे जुलै १९०२पर्यंत चाललं. ४ हजारांवर अमेरिकन सैनिक गेले, फिलिपिनो सैनिक साधारण २० हजार, आणि लढाई, भूक, पटकी यांत मेलेल्या सामान्य लोकांचा अंदाज २ लाखांच्या घरात. स्पेनशी झालेल्या युद्धात लढाईत पडलेले अमेरिकन चारशेच्या आत-बाहेर होते. म्हणजे विकत घेतलेल्या कागदाला प्रत्यक्ष ताब्यात बदलायला मूळ युद्धापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागलं.

दुसरा दोष चतुःसीमेचा. तिसऱ्या कलमात बेटांची नावं नाहीत, अक्षांश-रेखांशांची चौकट आहे, तिच्या आतली सगळी बेटं दिली असं. ही चौकट काढणाऱ्यांनी घाई केली. उत्तरेची हद्द २० व्या अक्षांशाने आणि बाशीच्या खाडीच्या मधून असं लिहिलंय, पण बाशीची खाडी २० व्या अक्षांशावर नाहीच, ती त्याच्या दीडेक अंश वर आहे आणि मधल्या पट्ट्यात बातानेस बेटं येतात. दक्षिणेकडे सिबुतू आणि कागायान दे सुलू ही दोन बेटं चौकटीबाहेर राहून गेली, म्हणून १९००च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला परत तह करून त्यांच्यासाठी स्पेनला आणखी १ लाख डॉलर द्यावे लागले. आणि एक बेट उलटं निघालं, पाल्मास, ज्याला स्थानिक लोक मियांगास म्हणतात. ते चौकटीच्या आत होतं. १९०६ला जनरल लिओनार्ड वुड तिथे गेले तर डच झेंडा फडकत होता. भांडण लवादाकडे गेलं आणि १९२८ला माक्स हुबर या स्विस न्यायतज्ज्ञाने निकाल दिला की बेट नेदरलँड्सचं, कारण स्पेनकडे जेवढा हक्क होता त्यापेक्षा जास्त तो अमेरिकेला देऊच शकत नव्हता. आज ते बेट इंडोनेशियात आहे. आगोन्सियो १८९८ला जे म्हणत होते तेच तत्त्व, पण ते मान्य झालं एका युरोपीय देशाच्या बाजूने, तीस वर्षांनी, एवढ्याशा बेटासाठी.

चौकटीचा हा प्रकार मुंबईकरांना ओळखीचा वाटायला हवा. १६६१ला पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला लग्नाच्या करारात मुंबई दिली तेव्हा नेमकं काय काय दिलं हे कोणालाच स्पष्ट नव्हतं, इंग्रज म्हणाले ठाणे-साष्टीही त्यात आलं, पोर्तुगीज म्हणाले फक्त मुंबईचं बेट, आणि या घोळात १६६५ उजाडलं तरी माहीमवरून वाद चालूच होता. मोठ्या राजधानीत बसून दूरच्या बेटांचे दस्त लिहिले की हे होतंच. चौकटीची पश्चिमेकडची रेघ तर आजच्या दक्षिण चीन समुद्राच्या वादातही येते, स्कारबरो शोल हा समुद्रातला उथळ खडकाळ भाग १८९८च्या रेषेबाहेर आहे म्हणून चीन ती दाखवतो आणि फिलिपिन्स १९००चा तह पुढे करतो.

सिनेटचं थोडक्यात सांगतो. तहाला दोन तृतीयांश मतं लागतात. ६ फेब्रुवारी १८९९ला मतदान झालं, ५७ विरुद्ध २७. लागत होती ५६. एका मताचा फरक, आणि तेही मनिलात गोळीबार सुरू झाल्याची बातमी आल्यावर. मॅसॅच्युसेट्सचे होर हे मॅकिन्लींच्याच पक्षाचे, पण शेवटपर्यंत विरोधात राहिले, म्हणाले की लोकांच्या संमतीशिवाय राज्य करणं आपल्या घटनेत बसत नाही. उलट विरोधी पक्षाचे ब्रायन यांनी आपल्या लोकांना तह मंजूर करा म्हणून सांगितलं, आधी शांतता होऊ दे, फिलिपिन्सला स्वातंत्र्य नंतर देऊ. आठवड्याभराने फिलिपिन्सला स्वातंत्र्याचं वचन देणारा ठराव आला तो २९-२९ असा अडला आणि उपाध्यक्षांच्या मताने पडला.

आता तिसरा प्रश्न, पोर्तो रिको राज्य का नाही. उत्तर नवव्या कलमात आहे, आणि पुष्कळ लोक तिसऱ्या कलमापर्यंत वाचून थांबतात म्हणून ते सुटतं. अमेरिकेने आधी लुइझियाना घेतलं, मेक्सिकोचा मुलूख घेतला, अलास्का घेतलं, त्या सगळ्या तहांत तिथल्या रहिवाशांना (अलास्कात आदिवासी जमाती वगळून) अमेरिकन नागरिकांचे हक्क मिळतील असं कुठल्या ना कुठल्या शब्दांत वचन होतं. १८९८ला ते वचन पहिल्यांदा गायब झालं. नवव्या कलमात स्पेनमध्ये जन्मलेल्या लोकांना वर्षभरात स्पॅनिश नागरिकत्व राखायची सोय दिली, आणि मूळ रहिवाशांबद्दल एवढंच की त्यांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकन काँग्रेस ठरवेल. बस. जमीन घेतली, माणसांचं नंतर बघू.

त्यावरून कोर्टात केसेस झाल्या. सगळ्यात गाजलेली संत्र्यांची, पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर जकात लावली, व्यापारी म्हणाला पोर्तो रिको आता अमेरिकाच आहे तर जकात कसली. १९०१ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की जकात बरोबर आहे, राज्यघटना तिथे पूर्णपणे लागू होत नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलं त्याचा भाव असा की बाहेरच्या जगासाठी पोर्तो रिको अमेरिकेचं आहे पण घरातल्या अर्थाने ते परकंच. पोर्तो रिकोच्या लोकांना नागरिकत्व मिळालं १९१७ला, ग्वामच्या लोकांना १९५०ला, तेही काँग्रेसच्या कायद्याने. फिलिपिनोंना ते कधीच मिळालं नाही, १९३४च्या कायद्याने स्वातंत्र्याची मुदत ठरली आणि ४ जुलै १९४६ला देश मोकळा झाला. ते लोक मात्र स्वातंत्र्यदिन १२ जून मानतात, १९६२ला अध्यक्ष माकापागाल यांनी तो बदलला, म्हणजे पॅरिसच्या खरेदीखताच्या सहा महिने आधीची तारीख.

पोर्तो रिकोत राहणारा अमेरिकन नागरिक आजही अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की देऊ शकतो. राज्याचा दर्जा द्यायचा की नाही हे काँग्रेसच्या हातात, तिथल्या लोकांचा राजकीय दर्जाही नवव्या कलमाने तिच्याच हातात दिला, आणि नंतरच्या कुठल्या कायद्याने तो अधिकार काढून घेतलेला नाही.

तह एकूण १७ कलमांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. पहिलं, दुसरं, तिसरं आणि नववं आधी वाचा, तिसऱ्याची चौकट पेन्सिलने नकाशावर काढा, बातानेस आणि मियांगास कुठे पडतात ते बघा, आणि अडलं तर कलमाचा नंबर देऊन विचारा.